जाईची पिल्लं: एका वेताच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२३

आमची मांजर जाई आज १४ महिन्यांची झाली. आतापर्यंत तीनदा माजावर येऊन गेली. पहिल्यांदा आली तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची होती, म्हणजे स्वतःच पिल्लू. तेव्हाच तिची नसबंदी करून टाकायचं चाललं होतं. मग घरात बोलणं झालं आणि ठरलं की एक वेत होऊ द्यायचं. एकच. त्यानंतर नसबंदी.

"एकदा पिल्लं झाली की मांजर शांत होते" असं बरेच जण सांगतात. त्यात तथ्य नाही. वेत न होता नसबंदी केली तरी मांजरीच्या तब्येतीचं काही बिघडत नाही. तेव्हा हे जाईच्या भल्यासाठी चाललंय असं मी म्हणणार नाही. हौस आमची आहे, म्हणून जबाबदारीही सगळी आमची.

वहीच्या पहिल्या पानावर तीन अटी लिहिल्या. तपासण्यांत काहीही वाईट निघालं तर थांबायचं. चार पक्की घरं मिळाल्याशिवाय बोका ठरवायचा नाही. आणि कुठलंही पिल्लू, कुठल्याही वयात, कुठल्याही कारणानं परत आलं तर घ्यायचं. तिसऱ्या अटीखाली बहिणीनेही सही केली, कारण मी नसले तर ती आहे.

२६ ऑगस्ट

डॉक्टरांकडे पहिली फेरी. वजन ३.४ किलो. हृदय, दात, कान ठीक. ल्युकेमिया विषाणू आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती मोडणारा विषाणू) यांच्यासाठी रक्त काढलं. ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून पसरतो, आईकडून पिल्लांना पोटातही जातो, म्हणून ही तपासणी बोक्याचीही हवी. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन तो जनुकीय तपासणीला पाठवला.

जाई पर्शियन आहे, म्हणून मूत्रपिंडातल्या गाठींचा आजार तपासणं टाळता येत नाही. तपासणी येण्याआधीच्या काळात पर्शियन मांजरांत एक तृतीयांशाहून अधिक जणांना तो असायचा. याला जबाबदार जनुकातला बदल २००४ मध्ये सापडला. आई किंवा बाप कुणा एकाकडून आला तरी पुरतो. वाईट भाग असा की मूत्रपिंडं निकामी व्हायला बरीच वर्षं लागतात. तोवर त्या मांजराची दोन-तीन वेतं होऊन गेलेली असतात आणि दर वेतातली अंदाजे निम्मी पिल्लं तोच आजार घेऊन निघालेली असतात. मांजर धडधाकट दिसतंय म्हणून विश्वास ठेवावा, असा हा आजार नाही.

९ सप्टेंबर

निकाल आले. दोन्ही विषाणू नाहीत. मूत्रपिंडाचा बदलही नाही. आणि रक्तगट बी.

रक्तगटाचं डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं, कारण मला हे अजिबात माहीत नव्हतं. मांजरांत मुख्य गट ए आणि बी, एबी फार दुर्मीळ. बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए विरुद्धची जोरदार प्रतिपिंडं आपोआप, लहानपणीच तयार होतात. अशी मांजरी ए गटाच्या बोक्याकडून गाभण राहिली तर ए गट वरचढ असल्यामुळे काही पिल्लं, किंवा सगळीच, ए गटाची होणार. पोटात असतात तोवर काही होत नाही. जन्मतात तीही गुटगुटीत. मग आईचा चीक पितात आणि चिकातली प्रतिपिंडं पिल्लाच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. लघवी लाल-तपकिरी होते, अंग पिवळं पडतं, एक-दोन दिवसांत पिल्लू जातं. काही जगतात, पण शेपटीचं टोक काळं पडून गळतं.

उपाय दोन. एक, पहिले १६ ते २४ तास पिल्लांना आईच्या दुधापासून लांब ठेवून हाताने पाजायचं. तेवढ्या वेळात आतड्यातून प्रतिपिंडं रक्तात शिरणं थांबतं. दुसरा, बोकाच बी गटाचा शोधायचा. डॉक्टर म्हणाले, "ताई, पहिलंच वेत आहे. आई आणि पिल्लांना पहिल्या दिवशी तोडू नका. बोका शोधा, वेळ लागला तर लागू दे."

२४ सप्टेंबर

पहिला बोका पाहिला. दिसायला राजबिंडा. पण चेहरा इतका चपटा की नाक डोळ्यांच्या रेषेत, आणि बसल्या जागी श्वासाचा आवाज येत होता. डोळ्यांतून पाणी गालावर वाहून केस तांबूस झालेले. रक्तगट विचारला तर मालकांना ठाऊक नव्हता. वंशावळ मात्र होती, ती वाचली तर त्याचा आजोबा आणि जाईचा आजोबा एकच निघाला.

नाही म्हटलं. मालक दुखावले, "आजवर कुणी इतकं विचारलं नाही" म्हणाले. परतताना बहीण गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, "ताई, त्याला श्वास घ्यायला त्रास होतोय, हे त्यांना दिसतच नाहीये गं." रोज बघून डोळ्यांना सवय होते, आणि त्या सवयीतून पुढची पिल्लं जन्माला येतात. मला हे फार लागलं.

५ नोव्हेंबर

बोका ठरला. काळा, चार वर्षांचा, रक्तगट बी, मूत्रपिंडाचा आणि दोन्ही विषाणूंचा अहवाल हातात ठेवला. नाक पुढे आलेलं, जुन्या धाटणीचा चेहरा. स्वभाव बघायला दोन तास बसलो. अनोळखी माणसांच्या मांडीवर येऊन झोपला.

जाईला लसीचा वर्षाचा डोस आजच दिला. हे गाभण राहण्याआधीच उरकायचं असतं. पॅनल्युकोपेनिया या विषाणूच्या आजारावरची जिवंत विषाणूची लस गाभण मांजरीला दिली तर पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ खुंटू शकते, आणि अशी पिल्लं जन्मभर झोकांड्या खात चालतात. जंताचं औषधही दिलं.

घरं: सात जण "हो" म्हणाले होते. नीट बसून बोलल्यावर चार उरले. त्यातलं एक बहिणीचं.

१७ जानेवारी २०२४

ऑक्टोबरपासून माज नव्हता. मांजरीचा माज उजेडावर चालतो, दिवस लहान झाला की थांबतो, मोठा होऊ लागला की परततो. काल रात्रीपासून सुरू. जमिनीवर लोळणं, पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर, शेपूट एका बाजूला, आणि तो घसा ताणून केलेला आवाज. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की हिला कुठेतरी दुखतंय.

उद्या तिला बोक्याच्या घरी न्यायचं. मांजरीने बोक्याकडे जायचं, उलट नाही. बोका परक्या जागी बावरतो आणि जागा हुंगण्यातच दिवस घालवतो.

२० जानेवारी

तीन दिवस तिथे ठेवली, आज आणली. पहिलं मीलन १८ ला दुपारी, त्यानंतर दोन दिवसांत बऱ्याच वेळा. मांजरीत बीजांड आपोआप सुटत नाही, मीलनाच्या उत्तेजनाने सुटतं, तेही एक-दोन दिवसांनी. एका वेळेने बहुधा भागत नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते: एकाच माजात दोन बोके भेटले तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात. म्हणून घरी आणल्यावरही खिडक्या बंद. अजून माज पुरता उतरलेला नाही.

१८ जानेवारी हा दिवस शून्य धरला. ६३ ते ६७ दिवस म्हणजे २१ ते २५ मार्च.

८ फेब्रुवारी. दिवस २१

आचळं गुलाबी झाली आहेत, विशेषतः मागची. पोटावरचे केस बाजूला करून दिव्याखाली पाहिलं. कालपर्यंत फिकट होती. सकाळी एकदा उलटी, बाकी ठीक.

१६ फेब्रुवारी. दिवस २९

सोनोग्राफी. पडद्यावर काळ्या गोलात एक पांढरा ठिपका, आणि त्या ठिपक्याच्या आत काहीतरी लुकलुकत होतं. डॉक्टर म्हणाले, "हे हृदय." बहिणीने माझा हात इतका घट्ट धरला की नंतर बोटांचे वळ दिसत होते. किमान चार. नेमका आकडा सोनोग्राफीवरून सांगत नाहीत, मोजताना चूक होते.

आहार पिल्लांच्या खाद्यावर नेला, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. कॅल्शियमची गोळी विचारली तर डॉक्टरांनी ठाम नकार दिला. वरून कॅल्शियम दिलं की शरीर हाडांतून ते काढायचं विसरतं, आणि विल्यानंतर दुधाची मागणी वाढली की रक्तातलं कॅल्शियम कोसळून झटके येऊ शकतात.

१३ मार्च. दिवस ५५

एक्स-रे. पाच डोकी, पाच कणे. आता प्रसूतीच्या वेळी केव्हा थांबायचं ते कळेल. हा आकडा नसता तर चार झाल्यावर मी निवांत झोपायला गेले असते.

वजन ४.७ किलो. पोटावर हात ठेवला की आतून ढुशी लागते.

खोका तयार: उंच कडांचा, वरून झाकण, पुढून कमानीसारखं दार. खाली कागदाचे थर, वर जुनी चादर. टॉवेल, हातमोजे, निर्जंतुक कात्री, दोरा, आयोडीन, काटा, पिल्लांच्या दुधाची पावडर, बारीक निपलची बाटली. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत. जाईच्या शेपटीखालचे आणि आचळांभोवतीचे केस कातरले, लांब केसांत पिल्लू अडकू नये म्हणून.

२३ मार्च. दिवस ६५

काल संध्याकाळी खाणं सोडलं. खोक्यात चादर उकरत होती आणि दर वेळी मागे वळून मला बघत होती. उठून गेले की मागोमाग यायची. म्हणून रात्रभर शेजारी बसले.

१:१० पहिलं. काळी, मादी, ९८ ग्रॅम. जाईने पाणमोट फाडली, चाटलं, वार (नाळेला जोडलेला गोळा) खाल्ली. वहीत पिल्लासमोर एक खूण, वारेसमोर एक खूण.

१:४५ दुसरं. नारिंगी, १०६. बाप काळा असताना पिल्लू पूर्ण नारिंगी असेल तर तो बोकाच. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याला ते फक्त आईकडून मिळतं, मुलीला बापाचा काळाही मिळतोच, म्हणून ती एक तर काळी नाहीतर आईसारखी काळी-नारिंगी चितकबरी.

२:३० तिसरं. चितकबरी, मादी, ९४. वार दिसली नाही. खूण रिकामी ठेवली.

३:०५ चौथं. जाई थकली होती, पाणमोटीला तोंडच लावेना. चपट्या तोंडाच्या मांजरींना ती फाडणं आणि नाळ तोडणं मुळातच अवघड जातं. अर्धा मिनिट वाट पाहिली. आत पिल्लू, ओल्या चकचकीत पिशवीत, तोंड उघडतंय आणि मिटतंय. नाकाजवळ चिमटीत धरून पडदा फाडला. तो वाटला होता त्यापेक्षा चिवट निघाला, दोनदा निसटला. नाक-तोंड पुसलं, डोकं जरा खाली करून टॉवेलमध्ये पाठीवर जोरजोरात चोळलं. झटका द्यायचा नाही, हवेत फिरवायचं नाही, फक्त चोळायचं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एक बारीक, दार करकरल्यासारखा आवाज. पोटापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर दोऱ्याने नाळ बांधली, पलीकडून कापली, टोकाला आयोडीन. काळा, नर, १०१.

मग काहीच नाही. पाऊण तास जाई चार जणांना पाजत पडून राहिली. त्यात घाबरण्यासारखं नव्हतं, मांजरी मधे विसावा घेतात. पण ४:०० ला जोराच्या कळा सुरू झाल्या आणि वीस मिनिटं झाली तरी पिल्लू येईना. डॉक्टरांना फोन. "निघा" म्हणाले. बहीण पिंजरा घेऊन आली तेवढ्यात ४:२६ ला पाचवं आलं, मागचे पाय आधी. नारिंगी, नर, ७१ ग्रॅम. त्याच्याबरोबर दोन वारा. रिकामी खूण भरली. पाच आणि पाच.

२६ मार्च

पाचवा गेला. पहाटे ५:४०.

जसं झालं तसं लिहिते. काल दिवसभर त्याचं वजन वाढलं नव्हतं. ७१ चे ६८ झाले. भावंडं त्याला ढकलून देत होती. मी दर दोन तासांनी त्याला आचळाला लावत होते. रात्री दोनला बघितलं तर तो खोक्याच्या कोपऱ्यात एकटा, आणि हाताला गार लागला. मला एकच सुचलं, की हा उपाशी आहे. दूध कोमट केलं आणि पाजलं. थोडं प्यायला, थोडं नाकातून आलं.

सकाळी डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. गार पडलेल्या पिल्लाला कधी पाजायचं नाही. अंग गार असलं की आतडं चालत नाही, गिळणंही नीट होत नाही, दूध पोटात तसंच राहतं किंवा फुप्फुसात जातं. आधी ऊब, तीही सावकाश, आपल्या अंगाशी धरून. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या वर आलं की मगच दूध. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, कुडकुडताही येत नाही. खोक्यात ३० अंशांच्या आसपास ऊब हवी असते. माझा तापमापक खोक्याच्या दारापाशी होता. तो सांगायचा ३०. कोपऱ्यात ठेवून पाहिला, २४.

कदाचित तो तसाही जगला नसता, असं डॉक्टर म्हणाले. पण उपाशी समजून मी जे केलं ते चूक होतं, आणि ही नोंद वाचणाऱ्या कुणाला रात्री दोनला गार पिल्लू हाताला लागलं तर आधी ऊब एवढं आठवावं.

तापमापक आता कोपऱ्यात आहे.

२८ मार्च

जाईने पिल्लं हलवली. एकेकाला मानेला धरून कपाटाच्या खालच्या कप्प्यात नेलं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, तसं. पहिल्यांदा परत आणायला गेले, मग थांबले. खोक्यावर दिव्याचा उजेड थेट पडत होता. खोकाच कपाटात नेऊन ठेवला, ऊब तिथे लावली. दहा मिनिटांत सगळी आत.

वजनं सकाळ-संध्याकाळ, एकाच काट्यावर. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. नारिंगी १४९, काळा १४३, काळी १४०, चितकबरी १३१.

२ एप्रिल

काळीचा डावा डोळा किलकिला झाला. उजवा अजून मिटलेला. जाई सध्या एरवीच्या तिप्पट खाते आणि तरी पाठीचा कणा हाताला लागतो.

१४ एप्रिल

तीन आठवडे पूर्ण. जंताचं पहिलं औषध, पिल्लांसाठीचं, वजनावर मोजून. गोलकृमी आईच्या दुधातूनच येतात, म्हणून जाईलाही बरोबर. आता दर दोन आठवड्यांनी.

रेतीचा उथळ डबा ठेवला. गोळा होणारी रेती वापरायची नाही, या वयात ती खातात आणि पोटात घट्ट गोळा होतो. काळीने पहिल्याच दिवशी डबा उकरला आणि त्यातच झोपली.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जे भेटतं ते पिल्लाला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. म्हणून रोज वेगवेगळी माणसं, दहा-दहा मिनिटं. दाढीवाले, चष्मेवाले, एक लहान मूल बसलेल्या अवस्थेत. मिक्सर शेजारच्या खोलीत. नखांना हात लावणं, कान उघडून बघणं, पिंजऱ्यात बसणं. हे काम दिसत नाही, पण पिल्लू पुढच्या घरात टिकतं ते यावरच.

४ मे

एक गृहस्थ आले. पिल्लू सहाव्या आठवड्यातच हवं, कुणालातरी अचानक भेट द्यायचंय म्हणाले. ज्याला भेट द्यायची त्याला विचारलेलंही नाही. नाही सांगितलं. १२ आठवड्यांआधी कुणीही जाणार नाही. दूध सहाव्या-सातव्या आठवड्यात सुटत आलं, तरी चावायचं किती, थांबायचं केव्हा हे आई आणि भावंडंच शिकवतात.

२० मे

पहिली लस झाली. आणि जाई माजावर! दूध अजून पुरतं आटलेलं नाही. पाजती मांजर गाभण राहत नाही हा समज किती जणांना महागात पडत असेल. खिडक्या पुन्हा बंद. दूध पूर्ण आटल्यावर नसबंदी, तारीख घेतली.

१५ जून

१२ आठवडे. काळी आणि काळा एकाच घरी, जोडीने. नारिंगी दुसऱ्या घरी. चितकबरी बहिणीकडे. चार घरं पक्की केली होती, त्यातलं एक रिकामंच राहिलं. प्रत्येकाबरोबर आईवडिलांच्या तपासण्यांच्या प्रती, रक्तगट, लसीची वही, जाईच्या वासाचा एक फडक्याचा तुकडा. करारात दोन गोष्टी जाड अक्षरांत: पाच महिन्यांच्या आत नसबंदी, आणि सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू आमच्याकडेच परत.

रात्री जाई कपाटाच्या कप्प्यात जाऊन दोनदा बघून आली.

१० जुलै

जाईची नसबंदी झाली. गर्भाशय निरोगी होतं. टाके दिवसातून दोनदा बघायचे.

८ सप्टेंबर

नारिंगी परत आला. त्या घरातल्या आजोबांचा दमा वाढला. त्यांनी दोन महिने खटपट केली, मग फोन केला. बाई दारात रडत होत्या. मी त्यांना आत बोलावून पाणी दिलं. त्यांनी करार पाळला, नसबंदी वेळेवर केली, लसीची वही नीट भरलेली होती.

जाईने पिंजरा हुंगला आणि आपल्याच लेकावर फिसकारली. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय. दोघांची फडकी अदलाबदल करायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले दोन आठवडे तरी द्या.

त्याचं पान मी जूनमध्ये बंद केलं होतं, आज पुढे लिहायला घेतलं. जुन्या काट्यावर आता मावत नाही, शेपूट आणि एक पाय बाहेर लोंबतो. पाय धरून ठेवून मोजला. २,४१० ग्रॅम.